फिर्यादीत नसलेला मोबाइल

"सदर चालकाने आपल्या ताब्यातील चारचाकी वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून फिर्यादीस जोरदार धडक दिली." मोटार अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कुणाही वकिलाला झोपेतून उठवलं तरी ही ओळ तोंडपाठ म्हणता येईल. ट्रकने उडवलं तरी हीच, लुनाचा धक्का लागला तरी हीच. इतकी वर्षं मी ती वाचत आले आणि वाचून न वाचल्यासारखं पुढे जात आले. या प्रकरणात पहिल्यांदा थांबले, कारण तिच्यातला पहिलाच आरोप खोटा होता. गाडी भरधाव नव्हती, ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास चालली होती. खरं कारण होतं चालकाच्या हातातला मोबाइल, आणि अख्ख्या फिर्यादीत मोबाइल हा शब्द कुठेही नव्हता.

मी जखमी बाईंची वकील आहे, तेव्हा हे एका बाजूचं सांगणं आहे असं धरूनच वाचावं. नावं, गाडीचा नंबर, पोलीस ठाणं सगळं गाळलं आहे. बाईंना मी मावशी म्हणते, त्या ज्या चार घरी पोळ्या करतात तिथेही त्यांना मावशीच म्हणतात. चालक एका क्लासमध्ये अकाउंट्स शिकवतात. त्यांना सर म्हणू. कोर्टाच्या व्हरांड्यातसुद्धा दोन कारकुनांनी त्यांना वाकून नमस्कार केला होता, त्यांच्याकडेच शिकलेले असावेत.

डिसेंबर २०२४, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा आठवडा. नागपूरकरांना जास्त सांगायला नको. मोर्चे, मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे, जागोजागी बंदोबस्त आणि नेहमीचा वीस मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा. सर संध्याकाळची बॅच संपवून वर्धा रोडने घराकडे निघाले होते. वरच्या उड्डाणपुलाने न जाता खालच्या रस्त्याने, कारण वाटेत फळं घ्यायची होती. छत्रपती चौकाचा सिग्नल सुटला. पुढे जयप्रकाशनगरच्या बाजूला, मेट्रोच्या खांबांची रांग जिथून जाते तिथे, मावशी दुभाजकाकडून डावीकडे रस्ता ओलांडत होत्या. तिथे झेब्रा नाही. दिवसभर शेकडो माणसं तिथूनच ओलांडतात.

गाडीने त्यांना डाव्या पायावर घेतलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली, एक कातडीबाहेर आलं. इथे सरांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: ते पळाले नाहीत. पानठेल्यावरच्या दोघांच्या मदतीने त्यांनी मावशींना स्वतःच्या गाडीत घातलं आणि थेट मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाकडून हेच मागतं, आणि त्यांनी ते केलं. मावशी आजही म्हणतात, "माणूस वाईट नाही जी तो. पण मले पाहिलंच नाही त्यानं. म्या त्याच्या डोळ्यात पाहिलं, तो खाली पाहून राहिला होता."

ही साक्ष मला पहिल्याच भेटीत मिळाली. पोलिसांनाही मिळाली होती. पानठेलेवाल्याने जबाबात हेच सांगितलं: "साहेबाची मान खाली होती, मोबाइलचा उजेड तोंडावर पडून राहिला होता." जबाब टाइप होऊन आला तेव्हा त्याचं झालं, "सदर चालक भरधाव वेगाने व निष्काळजीपणे येत असल्याचे मी पाहिले." खाली त्याची सही. त्याने वाचून सही केली का, असं विचारल्यावर तो हसला. "मॅडम, ठेला उघडा टाकून गेलो होतो. लवकर सोडा म्हटलं."

यात हवालदाराचा दुष्टावा मला दिसत नाही. त्या आठवड्यात अर्धं ठाणं विधानभवनाच्या बंदोबस्तात होतं. साचा तयार आहे, साच्यात नाव आणि गाडी नंबर भरला की गुन्हा उभा राहतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं, आणि कलम १२५, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत करणं. सोबत मोटार वाहन कायद्याचं कलम १८४. चूक कलमांत नव्हती. १८४ लावलं खरं, पण ते कशासाठी लावलं हे कुठेच लिहिलं नाही, आणि तिथेच प्रकरण घसरलं.

कलम १८४ धोकादायक वाहनचालनाचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं आणि धोकादायक म्हणजे काय याची यादीच दिली गेली. सिग्नल तोडणं, थांब्याची खूण न मानणं, उलट्या दिशेने जाणं, चुकीचं ओव्हरटेक करणं आणि त्याच रांगेत, गाडी चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुरुस्ती संसदेत मांडणारे मंत्री नितीन गडकरी आपल्याच शहराचे. तरी महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लागू केले नाहीत. देशभर १ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालेली गोष्ट इथे डिसेंबर २०२१ मध्ये आली.

आता त्याच कायद्याचं कलम २०० काढा. तडजोडीचं कलम, म्हणजे जागेवर पैसे भरा आणि मोकळे व्हा. तिथे १८४ चा उल्लेख आहे, पण अटीसह: फक्त हातातल्या संपर्क साधनाच्या वापरापुरता. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे सिग्नल तोडणारा आणि उलट्या दिशेने येणारा १८४ खाली सापडला तर त्याला कोर्टाची पायरी आहे. मोबाइलवाल्याला मात्र मागचं दार उघडं आहे. एका हाताने मोबाइलला धोक्याच्या रांगेत बसवलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच खुर्चीला चाकं लावली. व्यवहाराच्या दृष्टीने मला हे समजतं. रोज पकडल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलधारकाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं तर सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण याचा परिणाम असा, की लोकांच्या डोक्यात मोबाइल म्हणजे 'चालान', आणि चालान म्हणजे पार्किंगच्या दंडाचा मोठा भाऊ.

सरांच्या डोक्यातही हेच होतं. त्यांच्या चालानाची गोष्ट मला अपघातानंतर बऱ्याच उशिरा, आणि जवळजवळ योगायोगाने कळली.

क्लेम दाखल करायला मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांची मुदत आहे. आम्ही मार्चमध्येच दाखल केला. विमा कंपनीचं लेखी उत्तर ठरल्यासारखंच आलं: बाई झेब्रा सोडून एकाएकी धावत आडवी आली, चालक सावकाश जात होता, अपघाताला बाईच जबाबदार आहे, निदान निम्मी तरी. 'चालक सावकाश जात होता' हे ते ठासून सांगत होते, आणि पंचाईत अशी की ते खरं होतं. फिर्याद म्हणते भरधाव, कंपनी सिद्ध करणार सावकाश. फिर्यादीतला एक शब्द खोटा पडला की उरलेल्या दोन शब्दांवरचाही विश्वास उडतो. पोलिसांनी आमच्या भल्यासाठी टाकलेला शब्दच आमच्या गळ्याशी आला होता.

मग मी उलटं करायचं ठरवलं. वेग कमी होता हे आधी आपणच मान्य करायचं.

रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात धडक कैद झाली होती. माझा ज्युनिअर आणि मी टेप घेऊन गेलो आणि चित्रात दिसणाऱ्या दोन विजेच्या खांबांमधलं अंतर मोजलं, २८ मीटर. गाडीला ते कापायला २.९ सेकंद लागले. सेकंदाला साडेनऊ मीटरहून थोडं जास्त, म्हणजे ताशी ३५ किलोमीटर. याच चित्रात मावशीही दिसतात. दुभाजकावरून उतरून, दीड लेन पार करून, धावत नाही तर हातातली पिशवी सांभाळत चालताना. त्या रस्त्यावर उतरल्यापासून धडक बसेपर्यंत चार सेकंद जातात. चार सेकंद आधी गाडी जवळपास ३९ मीटर मागे होती. त्या वेगाला ब्रेक मारून थांबायला याच्या निम्म्याच्या आसपास अंतर पुरतं, चालकाच्या विचार करण्याचा वेळ धरूनसुद्धा.

आणि ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. चित्र पंचवीस वेळा पाहिलं असेल. धडक बसते, मावशी बॉनेटच्या डावीकडे पडतात, आणि त्यानंतर मागचे लाल दिवे पेटतात. घटनास्थळ पंचनाम्यातही एक ओळ होती, जिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं: रस्त्यावर ब्रेकच्या खुणा आढळून आल्या नाहीत. भरधाव गाडीचा चालक निदान शेवटच्या क्षणी ब्रेक तरी मारतो. समोर माणूस चार सेकंद दिसत असताना पस्तिसाच्या वेगाने जाणारा चालक ब्रेकवर पायच ठेवत नसेल, तर तो बघत नव्हता. कुठे बघत होता एवढंच शोधायचं उरलं.

पोलिसांनी फोन जप्त केला नव्हता. मी अर्ज केल्यावर तपास अधिकाऱ्यांनी मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील मागवला. आला. अपघाताच्या वेळेसमोर निरंक. कॉल नाही, एसएमएस नाही. त्यानंतर तीन मिनिटांनी सरांनी भावाला लावलेला फोन तेवढा दिसत होता. विरुद्ध पक्षाचे वकील त्या कागदावर इतके खूश होते, की त्यांनी त्याच्या चार प्रती काढल्या.

हा घोटाळा मी इतर प्रकरणांतही पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉलच्या तपशिलात साधे कॉल आणि साधे एसएमएस दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप इंटरनेटवरून जातो. मोबाइल कंपनीच्या दृष्टीने तो केवळ डेटा, वळचणीचं पाणी जसं वाहत राहतं तसा, खिशातला फोन झोपलेला असतानाही वाहणारा. तेव्हा 'निरंक' याचा अर्थ चालक मोबाइलवर नव्हता असा होत नाही, तो जुन्या पद्धतीने मोबाइलवर नव्हता एवढाच होतो. आणि आज एसएमएस करतं कोण? बँक आणि वीज मंडळ.

निरोप जिथून निघाला तिथे सापडत नसेल तर जिथे पोचला तिथे शोधावा. सरांच्या क्लासमध्ये बॅचचं वेळापत्रक बघणारा एक मुलगा आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. मावशी ज्या घरी पोळ्या करतात त्यांतल्या एका घरची मुलगी त्याच क्लासला जाते. क्लासच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी काय झालं, हे तिच्या फोनमध्येही होतं. त्या मुलाने ७ वाजून ३५ मिनिटांनी विचारलं होतं, "सर उद्याची बॅच ७ लाच ना?" आणि सरांचं उत्तर, ७ वाजून ३८ मिनिटांनी:

"हो"

एक अक्षर. पूर्णविरामसुद्धा नाही. मावशींच्या पायात घातलेल्या सळीचं बिल माझ्या फाइलमध्ये त्याच्या शेजारच्या पानावर लावलं आहे.

तो मुलगा मात्र घाबरून माझ्याकडे आला. "मॅडम, म्या मेसेज टाकला म्हणून मलेपण आत घेतील काय?" मी त्याला बसवून चहा दिला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१३ मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटलं आहे खरं, की समोरचा गाडी चालवतोय आणि तो निरोप लगेच वाचेल हे ठाऊक असूनही निरोप पाठवणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. त्या प्रकरणातल्या मुलीलाही शेवटी जबाबदार धरलं नाही, कारण तिला ते ठाऊक होतं असं दिसलं नाही. आपल्याकडे असं काही नाही, आणि सर तेव्हा गाडीत आहेत हे त्या पोराला कळायला मार्ग नव्हता. तो चहा न पिताच गेला.

आता घड्याळाचं भांडण. दुकानाच्या कॅमेऱ्यावर धडकेची वेळ ७:४२ दिसत होती. दुकानदाराच्या यंत्राचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं तर चार मिनिटं पुढे निघालं. (दुकानांच्या कॅमेऱ्याची वेळ बरोबर निघाली असं माझ्या सगळ्या वकिलीत एकदाच झालं आहे.) म्हणजे खरी वेळ ७:३८. निरोपाची वेळही ७:३८. पण व्हॉट्सअ‍ॅप सेकंद दाखवत नाही. एका मिनिटात साठ सेकंद, आणि सरांचे वकील त्या साठ सेकंदांत बिऱ्हाड करून राहिले. त्यांचं म्हणणं: निरोप छत्रपती चौकाच्या लाल सिग्नलवर, गाडी उभी असताना पाठवला. सिग्नल ते धडकेची जागा हे अंतर अडीचशे मीटरच्या आत. ताशी पस्तीसने पंचवीस सेकंद. म्हणजे उभ्या गाडीतून निरोप आणि पंचवीस सेकंदांनी धडक, दोन्ही ७:३८ मध्ये आरामात मावतात.

गणित बरोबर होतं. मीही ते करून पाहिलं होतं आणि ते त्यांना सुचू नये अशी प्रार्थना केली होती.

यातून एक प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर आपल्या कायद्यात सरळ मिळत नाही. सिग्नलवर उभी असलेली गाडी 'चालवताना' मध्ये येते का? कलमात 'वापर' आहे, 'वाहन चालवताना' आहे, पण दोन्हींची व्याख्या नाही. ब्रिटनमध्ये सिग्नलला थांबलेल्या गाडीतही हातात फोन घेणं गुन्हाच आहे. तरी तिथेही 'वापर' या शब्दाने फजिती केली. अपघाताचं चित्रण करत जाणारा एक चालक २०१९ मध्ये सुटला, कारण तेव्हाच्या कायद्यात संवादासाठी वापर हवा होता आणि चित्रण म्हणजे संवाद नव्हे. मार्च २०२२ मध्ये त्यांनी कायदा रुंद करून ती फट बुजवली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत एवढंच आलं, की गाडी चालवताना असं साधन केवळ रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. सरांच्या वकिलांनी हाही धागा ओढून पाहिला: फोन डॅशबोर्डच्या स्टँडवर होता, नकाशा चालू होता, हातात नव्हताच. वीस वर्षं रोज जाणाऱ्या रस्त्यावर नकाशा कशाला, असं मी विचारलं. "अधिवेशनामुळे रस्ते वळवले होते," असं उत्तर आलं. नागपूरच्या माणसाला हे उत्तर खोडता येत नाही.

इथे ते चालान मदतीला आलं. गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असले की राज्याच्या ई-चालानच्या पोर्टलवर त्या गाडीवरची सगळी चालानं दिसतात. दोन्ही दोषारोपपत्रासोबतच्या कागदांत होते. खरं सांगायचं तर मी वेगाचं एखादं जुनं चालान मिळतंय का हे बघत होते, सवयीने. मिळालं भलतंच. त्याच दिवसाचं, ७ वाजून २९ मिनिटांचं, रहाटे कॉलनी चौकातलं. प्रकार: वाहन चालवताना मोबाइलचा वापर. सोबत बंदोबस्तातल्या वाहतूक शिपायाने काढलेला फोटो, सर स्टिअरिंगमागे, उजव्या हातात फोन, नजर खाली. गाडीभोवतीची वाहनं पुढे सरकलेली. दंड दोन दिवसांनी ऑनलाइन भरलेला.

म्हणजे अपघाताच्या नऊ मिनिटं आधी, त्याच प्रवासात, त्याच चालकाच्या हातात फोन असल्याचा फोटो सरकारकडे होता. वाहतूक शाखेच्या संगणकात होता. गुन्ह्याच्या तपासात तो आला नाही, कारण कुणी बघितलंच नाही, आणि फिर्यादीत मोबाइल नसल्यामुळे बघायचं कारणही नव्हतं.

विमा कंपनीने सरांना साक्षीला उभं केलं. सरतपासणीत, म्हणजे कंपनीच्याच वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, ते शांतपणे म्हणाले की मी गाडी चालवताना मोबाइलला हात लावत नाही. उलटतपासणीत मी आधी वेगाबद्दल विचारलं. सावकाश होतात ना? हो. पस्तीस? असेल. रस्त्यावर दिवे होते? होते. मग बाई दिसली कधी? "धडकल्यावर." हे उत्तर त्यांच्या तोंडून गेलं आणि त्यांनाच कळलं. मग चालानाचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्याचा दंड मी भरलेला आहे," ते म्हणाले. पावती खरोखरच खिशात होती. अकाउंट्सचा माणूस.

त्यांच्या लेखी तो विषय तिथे मिटला होता, आणि मला वाटतं त्यांनी हे प्रामाणिकपणे म्हटलं. नोंद केली, रक्कम भरली, खातं बंद. पण कलम २०० मध्येच लिहिलं आहे, की तडजोड झाली तरी कलम २०६ खालच्या कारवाईतून सुटका होत नाही. २०६ काय सांगतं? १८४ चा गुन्हा घडला असं वाटलं तर पोलिसांनी परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचा, आणि कलम १९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने परवाना स्थगित. २०१९ च्या दुरुस्तीआधी, २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने सगळ्या राज्यांना हेच करायला सांगितलं होतं. मी वाहतूक शाखेकडे आणि आरटीओकडे दोन पानी अर्ज केला. सुनावणी झाली आणि परवाना तीन महिने थांबला. सर जयप्रकाशनगरहून मेट्रोने क्लासला जाऊ लागले. त्यांच्या वकिलांनी नंतर सांगितलं की सगळ्या प्रकरणात त्यांना खरोखर लागली ती हीच गोष्ट. नुकसानभरपाई विमा कंपनीच्या खिशातून जाते, चालान मोबाइलवरून जातं, पण रोज सकाळी जिना चढून स्टेशनवर विद्यार्थी भेटतात.

पुराव्याच्या तंत्राबद्दल थोडक्यात, कारण तरुण वकील हे विचारतात. ग्रुपवरच्या निरोपाचा नुसता स्क्रीनशॉट फौजदारी कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग फोनधारकाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, सोबत हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे ताडून पाहायचा सांकेतिक आकडा. ज्या मुलीच्या फोनमध्ये तो ग्रुप होता तिच्या वडिलांनी सुरुवातीला नकार दिला, मावशी त्यांच्याशी बोलल्यावर होकार दिला. न्यायाधिकरण पुराव्याच्या नियमांनी तितकं घट्ट बांधलेलं नसतं, तिथे संक्षिप्त चौकशी असते आणि शक्यतांचं पारडं कुणीकडे झुकतं एवढं पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिमला देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. फौजदारी खटल्यात मात्र साठ सेकंदांतला संशय आरोपीचा. तो खटला अजून चालू आहे, तारखा पडताहेत, आणि तिथे काय होईल याबद्दल मी पैज लावणार नाही.

उलटतपासणीनंतर कंपनीची भाषा बदलली. लोकअदालतीत पाच लाख दहा हजारांवर मिटलं. हिशेब असा: चार घरांचे मिळून महिन्याला साडेअकरा हजार, मालकिणींच्या प्रतिज्ञापत्रांवर. वय ५८, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, ९. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व १८ टक्के लिहिलं होतं, पण ओट्यापाशी तीन-तीन तास उभं राहणाऱ्या बाईचं १८ टक्के आणि खुर्चीत बसणाऱ्याचं १८ टक्के एक नव्हे. कमावण्याची क्षमता वेगळी मोजावी असं सर्वोच्च न्यायालयात राजकुमार प्रकरणात २०१० मध्येच ठरलं आहे. आम्ही ३० टक्के धरलं, कंपनीने फार ओढलं नाही. त्यात औषधपाणी, मदतनीस, वेदना. निम्मी चूक बाईची हा मुद्दा त्यांनी सोडला.

मी सही करायला सांगितली, आणि त्याबद्दल अजून मन थोडं खातं. मावशींना पैसे तेव्हा हवे होते, अपिलाच्या चार वर्षांनी नव्हे. पण तडजोड झाली म्हणजे निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणजे 'चालकाने मोबाइल वापरल्यामुळे अपघात झाला' असं वाक्य कुठल्याही न्यायिक कागदावर आलं नाही. पोलिसांच्या नोंदीत हा अपघात आजही वेगाचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात ४,६१,३१२ अपघातांपैकी ७२.३ टक्के अतिवेगाच्या खात्यात आहेत, मोबाइलचं खातं त्यापुढे किरकोळ. हा आकडा चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातले किती 'भरधाव' हे गाडीच्या वेगाने आले आणि किती टंकलेखनाच्या, हे मला कुणीतरी सांगावं.

मावशी आता दोनच घरी जातात, उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटतात. सरांच्या बायकोने एकदा फळं पाठवली होती, ती त्यांनी ठेवून घेतली.

गेल्या सोमवारी नवी फाइल आली. एका सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना वॉचमनच्या पायावरून चाक गेलं. चालक व्हिडिओ कॉलवर होता, असं वॉचमन सांगतो. फिर्याद काढून पाहिली. सदर चालकाने आपल्या ताब्यातील चारचाकी वाहन भरधाव वेगाने.